तेलमेण आणि तोफेचा काना

जून उजाडला की आमच्या कॅम्प पाचात पहिली कुरकुर सुरू होते ती दुकानांच्या शटरची. वर्षभर सरसर वर जाणारे शटर अडकायला लागते, गेटच्या बिजागऱ्यांवर तांबूस पूड जमते आणि हार्डवेअरच्या दुकानात ग्रीस आणि ऑईलपेंटला गिऱ्हाईक वाढते. पाऊस उघडून आकाश निवळले की इथून मलंगगडाचा डोंगर दिसतो. तो पाहताना नेहमी मनात येते, की साध्या शटरची ही गत, तर तीनशे वर्षांपूर्वी उघड्या बुरुजावर चार महिने भिजणाऱ्या लोखंडी तोफेचे काय होत असेल?

मंडळी, याचे उत्तर लेखी मिळते! रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण शाळेत धड्यापुरते वाचतो. ते आहे साधारण १७१५-१६ सालचे, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीतले. त्यातले झाडे तोडू नका, रयतेला दुखवू नका हे सगळ्यांना आठवते. पण दुर्गांच्या प्रकरणात थोडे पुढे गेले की अगदी घरगुती वाटावी अशी एक सूचना आहे. पावसाळ्यात तोफांना आणि गडाच्या दरवाजांना तेलमेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत आणि प्रत्येक तोफेवर तिच्यापुरती झाप घालावी, म्हणजे ती वाया जाणार नाही.

(जुन्या मराठीत तोफेला ‘भांडे’ म्हणत. वर्गात हे सांगितले की पोरे हमखास हसत. हसू दे, निदान लक्षात तरी राहत असे.)

आता या सूचनेतला एकेक शब्द पाहा. ‘काना’ म्हणजे तोफेच्या मागच्या बाजूचे बारीक भोक. त्यात रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू भरायची आणि बत्ती लावायची. शत्रूची तोफ निकामी करायची तर ती फोडावी लागत नसे. कान्यात मेख ठोकली की काम झाले. मला नेहमी वाटते, की गंज हेच काम फुकटात करतो, फक्त सावकाश. भोकातून पाणी आत उतरते, नळीच्या तळाशी साचते, आणि तिथे उरलेली दारूची राख ते धरून ठेवते. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळाल्यावर जे क्षार उरतात ते हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणजे बाहेरून तोफ ठणठणीत दिसणार आणि आतून पोखरली जाणार. ज्याने ‘काने मेणाने बुजवा’ असे लिहिले, त्याने हे स्वतः पाहिलेले असणार. नुसत्या कारकुनाला हे सुचायचे नाही.

आणि तेलाबरोबर मेण कशाला? गंज धरायला लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. तेल त्यांना अडवते, पण पातळ तेल उभ्या पृष्ठभागावरून ओघळते आणि पावसाच्या माऱ्यात धुऊन जाते. मेण चिकटून बसते. शिवाय आपली खाद्यतेले जुनी झाली की खवट होतात, म्हणजे त्यांत आम्ल तयार होते, आणि तेच आम्ल धातूला खाऊ लागते. तेव्हा एकदा तेल चोपडून मोकळे झालो असे चालत नाही. पुसायचे, पाहायचे, पुन्हा द्यायचे. आज्ञापत्रात दारूगोळ्याबद्दलही असेच आहे. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण बाहेर काढून ऊन द्यावे आणि परत मोहोर करून ठेवावे.

खंडेनवमीला शस्त्रे काढून, घासूनपुसून पुजायची आपली रीत आहे. तिचे धार्मिक कारण असेल ते असो. पण आश्विनात पाऊस सरतो, दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन, आणि पुढे मोहिमांचा हंगाम. पावसाळाभर ठेवलेले हत्यार तपासायला याहून योग्य दिवस कुठला?

ज्यांना परवडे ते लोखंडाच्या वाटेलाच जात नसत. विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ १५४९ साली आपल्या अहमदनगरला ओतली, ती कांशाची. अशा धातूवर हिरवट पापुद्रा येतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज उलट. तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते. पण कांसे महाग. गडागडांवर पुरवायचे तर लोखंडच.

पुढे इंग्रजी अमदानीत तेलमेणाने भलताच इतिहास घडवला. एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला लावायच्या वंगणात चरबी आणि मेण असे. गोळी नळीत सहज उतरावी आणि काडतूस सर्दू नये, हा हेतू. चरबी कुठल्या जनावराची, यावरून काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना आपापल्या पसंतीचे वंगण लावायची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. बंदुका पुसायला साहेब लोक ‘रंगून ऑईल’ वापरीत. ते ब्रह्मदेशातले खनिज तेल, खवट न होणारे. १८७२ मध्ये चेसब्रो या अमेरिकन माणसाने व्हॅसलिनचे पेटंट घेतले. तेही खनिज तेलातूनच आलेले.

आमचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. ‘कॅम्प’ हे नाव तिथूनच चिकटले. सिंधी निर्वासित इथल्या बराकींत आले ते फाळणीनंतर. त्या युद्धातल्या शिपायाची थ्री नॉट थ्री रायफल पाहिलीत, तर तिच्या दस्त्यात एक छोटी कुपी असे, तेलाची बाटली. सोबत दोरी, म्हणजे पुल-थ्रू, आणि चार बाय दोन इंचाची फ्लॅनेलची चिंदी. एनसीसीवाल्यांना ही चिंदी चांगली आठवत असेल! गंमत अशी, की गोळीबारानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतायचे, मग चिंदीने कोरडी करायची आणि शेवटी तेल. कारण त्या काडतुसाच्या टोपीतल्या रसायनातून मिठासारखा क्षार उरे. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. वरून नुसते तेल लावले तर क्षार तेलाखाली बसून आपले काम करतच राहतो.

हे सारे आज लिहायचे कारण म्हणजे आमचा नातू. तो मित्रांबरोबर गडांवर जातो आणि पडलेल्या तोफा ‘साफ’ करायचा त्यांचा बेत आहे. भावना चांगली आहे, पण सॅंडपेपर, शेंदूर आणि चकचकीत काळा ऑईलपेंट यांनी त्या तोफेचे भलेच होईल असे नाही. घासताना तिच्यावरची अक्षरे आणि खुणा जातात, आणि रंगाखाली ओल कोंडली तर गंज आतल्या आत वाढतो. गाडीचे जळके इंजिन ऑईलही नको, त्यात आम्ल असते. संग्रहालयांतले जाणकार आधी क्षार काढतात, लोखंड पूर्ण वाळवतात, पुष्कळदा टॅनिक आम्ल लावून उरलेला गंज स्थिर करतात (आपल्या हिरड्यात असते तेच टॅनिन) आणि सर्वात वर मेणाचा पातळ थर देतात. हे शिकलेल्या हातांचे काम आहे. शिवाय गड संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून हात लावणे कायद्यातही बसत नाही.

त्याला सांगितले आहे, की आधी प्रत्येक तोफेचे फोटो काढा, लांबी मोजा, ती मातीत किती रुतली आहे आणि काना उघडा आहे की बुजलेला, हे वहीत लिहा. मग ती यादी जोडून खात्याला पत्र द्या. पत्राची पोच घ्यायला विसरू नका, म्हणावे.