बिलगावचा दिवा

नंदुरबार स्टेशनवर उतरलात की आधी नाकात मिरची शिरेल. २००२ चा हिवाळा आहे. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलीये आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर तिचा खाट उठतोय. ठसका आवरा आणि तळोद्याची एसटी पकडा. पुढे चांदसैली घाट. वळणावळणाला बस मागे सरकेल असं वाटेल, पोटात गोळा येईल, आणि शेजारी कोंबडी मांडीवर घेऊन बसलेली बाई मात्र शांत झोपलेली असेल. धडगावला उतरा. तिथून जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून, मग पायी, बिलगावला पोचायचंय. नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठचं हे गाव.

गावात शिरताच हातात घमेलं येईल. तुम्ही कोण, कुठून आलात, हे कुणी विचारणार नाही. रांगेत जागा आहे, तिथे उभं राहायचं. डावीकडून दगड येतो, उजवीकडे द्यायचा. पहिल्या अर्ध्या तासात तळहात सोलवटतील. तुमच्या आधीच्या माणसाच्या हाताला फोड नाहीत, ते कधीच घट्टे होऊन गेलेत. त्यानं १९९९ चा पावसाळा सरदार सरोवराच्या बुडितातल्या डोमखेडीत काढला असेल, झोपडीत धरणाचं पाणी चढत असताना तो इतरांबरोबर उभा राहिला असेल आणि पोलिसांनी उचलून नेईपर्यंत हलला नसेल. आज तोच माणूस पाणी अडवायला दगड वाहतोय. यात काही विसंगती आहे असं तुम्हाला क्षणभर वाटेल. मग तुम्ही वर बघाल आणि कळेल.

वर प्रवाहावर छोटा बंधारा आहे. तिथून पाणी कालव्यानं एका टाकीत येणार, टाकीतून पाइपात, पाइपातून जोरानं खाली टर्बाइनवर, आणि चाक फिरवून झालं की पुन्हा नदीत. कुणाचं शेत त्यात जात नाही, कुणाचं घर जात नाही. केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुणांनी आखणी केलीये, ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’नं हातभार लावलाय, आणि मजुरी गावाची. दोन हजार मनुष्यदिवसांचं श्रमदान. हा आकडा कागदावर लहान दिसतो. तुम्ही त्यातला एक दिवस आज दिलात, संध्याकाळी पाठ टेकवताना तो केवढा होता ते समजेल.

रात्री भाकरी आणि अंबाडीची भाजी. बांबूच्या कुडाच्या घरात रॉकेलची चिमणी जळतेय, तिच्या काजळीनं वरचे वासे काळे झालेत. बोलणं ऐका. ‘बुडित’, ‘घोषित’, ‘अघोषित’, ‘पंचनामा’, ‘सज्ञान मुलगा’, ‘सातबारा’. ज्यांच्या घरात शाळेचं पुस्तक आलं नव्हतं त्यांच्या तोंडी हे शब्द आता मीठमिरचीसारखे आहेत. नर्मदा पाणीतंटा लवाद म्हणाला, चौथ्या हिश्शाहून जास्त जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर जमीन द्या. पण ज्याची शेती पिढ्यान् पिढ्या जंगलात आहे आणि कागद नाही, त्याला सरकारी भाषेत अतिक्रमणदार म्हणतात. महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली, धरणाच्या या भांडणात आहेत. तलाठी दिसला की झाडाआड होणारी माणसं होती ही. आता तीच तलाठ्याला थांबवून विचारतात, आमचं नाव यादीत का नाही. माझ्या मते या खोऱ्यातला सगळ्यात मोठा बदल हाच.

आता थोडं पुढे सरका. २००३. टर्बाइन फिरतंय, पंधरा किलोवॅटचं. घरात म्हातारी वर बघत बसलीये. खटका दाबला जातो आणि पिवळा उजेड पडतो. पहिल्यांदा काय दिसतं? कोळ्यांची जाळी. वाशाला टांगलेली मक्याची कणसं. नातवाच्या गालावरचा ओरखडा, जो दिवसभर कुणाला दिसला नव्हता. म्हातारी हसते, उठते, चिमणी विझवते, फडक्यानं तिची काच पुसते आणि कोनाड्यात ठेवून देते. ती फेकत नाही. हे लक्षात ठेवा.

आणखी पुढे. १७ डिसेंबर २००४, एका थंड, अंधाऱ्या थिएटरात तुम्ही बसला आहात. पडद्यावर आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’. नासातला मोहन भार्गव गावात परत येतो आणि लोकांना घेऊन पाण्यावर वीज उभी करतो. पडद्यावरचं चरणपूर उत्तर प्रदेशातलं आहे, पण घाट ओळखीचा वाटेल. तो वाईजवळच्या मेणवलीचा, नाना फडणविसांनी बांधलेला, कृष्णेकाठचा. गोष्टीत मात्र उदईचं पाणी आहे. अमेरिकेतून परतलेले रवी कुचिमंची आणि अरविंदा पिल्ललमर्री, त्यांचं काम आणि हे बिलगाव यांच्यावरून वीज उभारण्याचा धागा आला, असं सांगितलं जातं.

पडद्यावर दिवा लागतो. म्हाताऱ्या बाईच्या सुरकुत्यांवर उजेड येतो आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघतो. तुमचा गळा दाटून येईल, येऊ द्या. तो क्षण खरा आहे, मी स्वतः तो पुन्हा पुन्हा पाहिलाय आणि दर वेळी डोळे पुसलेत. स्टेशनवर पंचवीस पैशांत पाणी विकणारं पोरही तितकंच खरं आहे. पण पाइप तुंबतो तेव्हा पाण्यात बुडी मारून तो मोकळा करणारा एकटा मोहन असतो. चित्रपटाला एक चेहरा लागतो. तुमच्या सोललेल्या तळहातांना माहीत आहे की बिलगावात तसा एक चेहरा नव्हता, रांग होती.

ती रांग बघायची असेल तर दुसरा चित्रपट काढा. सिमंतिनी धुरू आणि आनंद पटवर्धन यांची ‘अ नर्मदा डायरी’, १९९५ ची. त्यात गाणं घालून सजवलेला नायक नाही. आपलं गाव सोडायला नकार देणारी माणसं आहेत. १९९३ च्या नोव्हेंबरात धडगाव तालुक्यात पोलिसांच्या गोळीनं पंधरा वर्षांचा एक मुलगा गेला. त्या मोसमातली ही डायरी आहे. ती एकदा बघितलीत की ‘स्वदेस’मध्ये मोहनच्या मागे, चौकटीच्या कडेला उभी राहिलेली माणसं तुम्हाला जास्त दिसू लागतील.

‘स्वदेस’ तीन तासांहून जास्त चालतो आणि मोहन चरणपुरात राहायला परततो तिथे संपतो. तुम्ही उठू नका.

मार्च २००६. सरदार सरोवराची भिंत ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरवर न्यायला मंजुरी मिळते. दिल्लीत नर्मदा बचाओ आंदोलनाच्या मेधाताई पाटकर उपोषणाला बसतात. या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. तो कुठल्या कारखान्यात, कुठल्या शहरात उजळतो ते बिलगावला ठाऊक नाही.

त्याच वर्षीचा पावसाळा. तुम्ही टेकडीवर आहात, पाय चिखलात रुतलेत. पाणी वरून येत नाही. तुम्ही वरच्या प्रवाहाकडे बघत बसाल आणि ते खालून येईल. नर्मदा फुगते, मागे सरकते, उदईच्या तोंडातून आत शिरते आणि तिचा प्रवाह उलटा फिरवते. पाणी धावत नाही, आवाज करत नाही, नुसतं चढतं. आधी टर्बाइनचं घर. मग पाइप. मग तुम्ही हातानं लावलेले दगड, एकेक करून, तपकिरी पाण्याखाली. थेंबभर विजेसाठी उभारलेलं यंत्र प्रचंड विजेच्या तलावात गेलं. शेजारचा माणूस काही बोलत नाही. घोषणाही देत नाही. त्यानं आयुष्यात हे पाणी इतक्या वेळा पाहिलंय.

अंधार पडला की खाली या, त्याच घरात. दिवा वाशाला टांगलेला आहे. नातू, आता मोठा झालेला, खटका वर करतो, खाली करतो, पुन्हा वर करतो. म्हातारी त्याला ओरडत नाही. चाचपडत भिंतीकडे जाते, कोनाड्यात हात घालते. चिमणी जिथे ठेवली होती तिथेच आहे, काच पुसलेली. हलवून बघितलं तर आत रॉकेल आहे.