वीरगळ: गावच्या वेशीवरची युद्धस्मारके

लढाईत किंवा गावाच्या रक्षणात मेलेल्या माणसासाठी उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात तो बहुधा वेशीपाशी, पारावर किंवा शिवमंदिराच्या आवारात दिसतो. यादव आणि शिलाहार काळात ही प्रथा चांगलीच रुजलेली होती.

वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. गाई पळवणाऱ्यांशी झुंजताना मेला असेल तर शेजारी गाई कोरतात. त्याच्या वर ढाल-तलवारीची झुंज. मग अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. माथ्यावर कलश आणि सूर्य-चंद्र: कीर्ती तोवर टिकावी, ही अपेक्षा. पत्नी सती गेली असेल तर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हातही दिसतो. तिची आठवण एवढ्या एका हातावरच भागवलेली आहे.

कर्नाटकात अनेक वीरगळांवर लेख आहेत. अतकूरचा इ. स. 949-50 च्या सुमाराचा दगड तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची नोंद करतो. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मात्र लेखाविना आहेत. मरण कसे आले ते कळते, कोणाला आले ते नाही. गावाला तो माणूस ठाऊक होता. नाव कोरण्याची गरज बहुधा वाटली नसावी.

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ यामुळेच वादात आहेत. त्यांवर डोलकाठ्यांची, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे लढताना दिसतात. यादव राजा महादेव (1261-1271) आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातला हा संग्राम, असे अनेक अभ्यासक मानतात; काही जण हे दगड त्याहून जुने ठरवतात. लेख नसल्याने निकाल शिल्पशैलीवरच लावावा लागतो. आरमारी लढाईचे वीरगळ गोव्यातही मिळाले असून जुने गोवे येथील संग्रहालयात ते पाहता येतात.

पिढ्या गेल्या, वीराची ओळख पुसली आणि अनेक ठिकाणी दगडाचाच देव झाला. शेंदराच्या पुटांखाली कोरीवकाम बुजले, ही अभ्यासकांची रास्त तक्रार. पण शेंदूर लागलेले दगड निदान जागेवर राहिले. बाकीचे कित्येक पायऱ्यांत, बांधात आणि धुण्याच्या दगडांत गेले.