आडनाव हरवलेली नातवंडे

दोन नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा दिवस. योगायोग असा, की त्याच दिवशी मॉरिशस बेटही आपल्या पूर्वजांचे स्मरण करते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढच्याच वर्षी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे झाले, आणि १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे कराराने बांधून तेथे नेण्यात आली. बहुसंख्य बिहारकडची, पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातलेही होते.

त्यांचे वंशज आज पूर्वजांचे गाव शोधत येतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत पणजोबांचा क्रमांक, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव सापडते. मात्र गोऱ्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिलेले! शिवाय ‘रत्नागिरी’ एवढाच जिल्हा हाती असेल, तर तो माग आज सिंधुदुर्गातही जाऊ शकतो. कारण १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले.

खरी अडचण पुढे येते. गावात पाऊल टाकताच पहिला प्रश्न होतो, “आडनाव काय?” येथे आडनावावरून वाडी कळते, घर कळते. पाहुण्याजवळ नेमके तेच नसते. नोंदीत पणजोबांचे केवळ नाव होते आणि तेच पुढे कुळाचे आडनाव झाले. गणेशचतुर्थी त्यांनी राखली, कोकणची जाखडी ‘झाकरी’ म्हणून नाचत ठेवली, मराठी शाळेत शिकवली. पण घराकडे नेणारी एक खूण कारकुनाच्या लेखणीखाली पुसली गेली.

सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड देण्याची विशेष तरतूद भारत सरकारने २०२४ मध्ये केली. कार्डाने देशाचे दार उघडेल; वाडीतल्या घराचे दार मात्र नावाची ओळख पटल्यावरच उघडते.

वाचकहो, आपलीही मुले आज सातासमुद्रापार स्थिरावली आहेत. त्यांची नातवंडे कधी ना कधी आपल्या गावात येतील. देवळातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांना पूर्वजांचे नाव, आईबापांची नावे सापडतील. पण घर कोणते, विहीर कोणाची, आजीला काय म्हणून हाक मारीत, हे कोणतीही वही सांगणार नाही. ते आपणच आज लिहून ठेवले पाहिजे.