पाण्यातलं औषध आणि पुण्याचं पाणी

गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास ऐकू येतं, "नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतो. त्यानं कॅन्सर होतो म्हणे!" आज याच शंकेचं बोलू, आणि त्यासाठी पुण्याला जाऊ.

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. शहरात काळा हौद, बदामी हौद असे हौद होते. पाणी थांबत थांबत यायचं, गाळ खाली बसायचा. (हौद सगळ्यांना खुले नव्हते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपला हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच पुण्यात.) पण नितळ पाण्यातही जंतू असतात. पटकी यायची ती पाण्यातूनच.

जंतूंवर उतारा मिळाला तो क्लोरीनचा. अमेरिकेत जर्सी सिटीत १९०८ साली शहराच्या पाण्यात तो घालायला लागले. आपल्या विहिरीतली टीसीएल पावडर आणि घरातलं मेडिक्लोर ही त्याचीच भावंडं.

पुढे १९७४ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवलं, की पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ विरघळलेलं असेल, तर क्लोरीन त्याच्याशी मिळून क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसला आहे. म्हणजे शंका अगदीच पोकळ नाही. मात्र तुम्हाला येतो तो वास क्लोरीनचा, या पदार्थांचा नव्हे.

आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात दोन्ही गोष्टी आहेत. लिटरमागे क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि मोकळा क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम उरलाच पाहिजे.

मग औषध बंद करायचं का? जानेवारी २०२५ आठवा. पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. आधी जुलाब, मग हातापायांतली ताकद जाते. काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला. कॅन्सरचा तो धोका वर्षांच्या हिशेबातला, जंतूंचा मात्र दिवसांच्या. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की या पदार्थांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात कसूर करू नका.

खरी मेख क्रमात आहे. आधी तुरटीनं गाळ बसवायचा, मग गाळायचं, शेवटी क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात हेच करतात. गढूळ पाण्यात नुसती पावडर ओतली, तर निम्मं औषध गाळच खातो, जंतू वाचतात, आणि नको ते पदार्थही जास्त होतात.

तेव्हा ग्रामसभेत जलसुरक्षकाला दोन गोष्टी विचारा. टाकीतला गाळ शेवटचा कधी काढला? आणि गावाच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट केली, तर पाणी पिवळं होतं का?