जात्याजवळचा देव



"दिवसभर घरीच तर असतेस, मग करतेस तरी काय?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकला आहे, कधी दुसऱ्याच्या तोंडून, तर कधी आपल्याच मनातून. देवाने मला जन्म दिला तो भांडी घासण्यासाठीच काय, असे एखाद्या दुपारी वाटून जाते. याचे उत्तर मला आपल्या संत स्त्रियांच्या चरित्रांत सापडले. तेच माझ्या अल्प मतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

तेराव्या शतकात गोदावरीकाठच्या गंगाखेडची एक गरीब मुलगी पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी कामाला राहिली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. दळण, कांडण, पाणी, शेण हेच त्या मुलीचे आयुष्य. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणारी हीच जनाबाई. तिच्या नावावर आज तीनशेहून अधिक अभंग आहेत. त्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो.

हा भाग कीर्तनात ऐकताना आपले डोळे पाणावतात. पण त्यातील मर्म दुहेरी आहे. देव भेटावा म्हणून जनाबाईला जाते सोडावे लागले नाही, हे एक. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. "तुझे काम पवित्र आहे, करीत राहा," असे सांगून देव राउळात जाऊन बसला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. बायकांच्या कामाला यज्ञ म्हणणारे पुष्कळ भेटतात. खुंट्याला हात लावणारे थोडे!

पुढे सतराव्या शतकात शिऊरच्या संत बहिणाबाई झाल्या. ब्राह्मण कुळातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, म्हणून पतीने तिला मारहाण केली. तिने आपली ही हकीकत स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. तिने संसार टाकला नाही आणि गुरूही सोडला नाही. घरात राहूनही आपले मन आपल्या ताब्यात ठेवता येते, हे तिने दाखविले. मात्र तिने सोसले म्हणून आपणही मार सोसावा, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

तिसऱ्या आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यास जन्म, अक्षरओळख नाही, ऐन उमेदीत वैधव्य आले. शेतात आणि घरात राबताना त्यांना गाणी सुचत. ती घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून टिकली. १९५१ साली त्या गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जी बाई लिहू शकत नव्हती, तिची गाणी आज शाळेतील मुले शिकतात.

अशा कितीतरी बायकांची नावेही उरली नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या त्या माउलींनी देवाला, भावाला, लेकीला आठवीत हे धन निर्माण केले. त्यांना कोणी विचारले असते, "करतेस तरी काय?" तर त्या काय उत्तर देणार होत्या?

आता गिरणी आली, गॅस आला. आपल्यापैकी कित्येकी नोकरीही करतात. तरी घरच्या चार माणसांना वेळेवर ऊन अन्न मिळावे, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, हे काम संपलेले नाही. ते देवाने दिलेले आहे, असे मी मानते. पण ते त्याने घरातील एकटीलाच दिलेले नाही. ज्या घरात मुलगा आपले ताट उचलतो आणि यजमान पाण्याची कळशी भरतात, त्या घरात विठ्ठल आला असे खुशाल समजावे.

एवढी एक गोष्ट जरी आपण आपल्या मुलांच्या मनावर बिंबवू शकलो, तरी आपल्या मंडळाचे पुष्कळ कार्य झाले असे मला वाटते. मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो, हीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.