रे रोडची पाटी

हार्बर लाइनीवर डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधे रे रोड स्टेशन लागतं. हे नाव लॉर्ड रे यांचं. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८७ साली, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तीही पलीकडे भायखळ्याला. पण शाळा जवळ असणं वेगळं आणि तिथं जाता येणं वेगळं.

गिरणगावातल्या पोराचा दिवस भोंगा ठरवायचा. १८८१ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या पोराला मात्र दिवसाचे नऊ तास राबवायची मुभा राहिली. १८९१ ला किमान वय नऊ झालं आणि तास सात झाले. १९२२ ला वय बारा, तास सहा. एवढं राबून आलेलं पोर पाटी धरणार कधी?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं याच दुखण्यावर बोट ठेवलं. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हे त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ ला आपल्या कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं. मुंबईत ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं १९११ पासून कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली.

अशाच एका रात्रशाळेत आमचे थोरले चुलते, तात्या, जायचे. १९५५ च्या सुमाराची गोष्ट. गावात चौथी झालेली. रे रोडला लोखंडाच्या वखारीत हमाली. राहणं गावकीच्या खोलीत, पंधरा-वीस माणसांत, पाळीपाळीनं झोपायचं. माल उतरवायला उशीर झाला की शाळा बुडायची. गावाकडनं आजीचा निरोप यायचा, "हमालाला बुकं कशाला? पैसं धाड."

पण त्याच खोलीनं तात्यांना शिकवलंही. गावाकडची पत्रं वाचायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा, वखारवाल्यानं हजेरी बरोबर मांडलीय का बघायचं, सगळं तात्यांकडं. म्हणून त्यांची शाळा असली की खोलीतली माणसं त्यांच्या वाटणीचं पाणी भरायची. "तू जा रं, आम्ही हाय," म्हणायची. तात्यांची सातवी काही झाली नाही. पण आमच्या आक्काला चौथीनंतर घरी बसवायचं ठरलं, तेव्हा त्यांचं पत्र आलं : "पोरीला शाळेतनं काढू नगा. फीचं मी बघतो." आक्का सातवी फायनल पास झाली. गावात तिच्या बरोबरीच्या पोरींत ती एकटीच.

माझी नात सध्या मुंबईच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणामुळं मुख्य विषयाच्या जोडीला 'मायनर' घ्यावा लागतो. तिनं शिक्षणशास्त्र घेतलंय. समाज माणसाचं शिकणं कसं घडवतो, हा त्यातला एक धडा. तिनं मला विचारलं, "आजोबा, तात्यांची शाळा सुटली, म्हणजे त्यांना गोडी नव्हती का?"

मी म्हटलं, बाई गं, गोडी नंतर विचार. आधी विचार, माल किती वाजता उतरायचा, मजुरी रोज मिळायची का, आणि त्यांच्या वाटणीचं पाणी कोण भरायचं. तात्या शाळेत टिकले ते पाणी भरणाऱ्या माणसांमुळं. शाळा सुटली ती रोजच्या हमालीमुळं. हजेरीपटावर नुसता 'गैरहजर' एवढाच शेरा असतो. उद्या मास्तरीण झालीस, तर तो शेरा लिहिण्याआधी पोराच्या घरी एक फेरी मार.