चांद्याचा तट आणि तोफेचा गोळा

चांद्याचा इतिहास सांगताना आपण गोंड राजांच्या वंशावळी सांगतो, महाकालीची व अंचलेश्वराची कथा सांगतो. परंतु एवढा बळकट तट फुटला कसा, हे क्वचितच विचारतो. विचारलेच, तर दैव किंवा फितुरी असे उत्तर देऊन मोकळे होतो. आमच्या मते त्या उत्तराचा मोठा भाग पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक पाठात आहे.

खांडक्या बल्लाळशहाने या कोटाचा पाया घातला व पुढील राजांनी तो पुरा केला, अशी परंपरा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा हे चार दरवाजे, पाच खिडक्या आणि दगडी तट! १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेस उधळले आणि मे महिन्यात तो चांद्यावर आला. तोफांनी तटास खिंडार पाडले, २० मे रोजी त्याची फौज आत शिरली. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. शौर्य उणे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे.

आता गोळ्याकडे पाहू. तट फोडण्यास त्या काळी १८ पौंडी तोफ वापरीत. तिचा गोळा सुमारे ८ किलोग्रॅमचा. म्हणजे दोन पायल्या धान्याहून फारसा जड नव्हे. पण तो सेकंदाला ४०० मीटर धावतो असे धरा. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. तो झाला ३२००. बल आणि ते लागू असलेला काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग, आणि आवेगाएवढाच संवेग बदलतो. गोळा दगडात एका मीटरात थांबला, तर त्यास सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. तेवढ्या क्षणात तटावर सरासरी पासष्ट टन वजनाएवढा दाब येतो! तोच गोळा मऊ मातीत चार मीटर शिरून थांबला, तर काळ चौपट व दाब चौथाई. गवंडी वरून आलेली वीट झेलताना हात मागे घेतो, तो याच कारणाने.

म्हणूनच १८०५ साली जनरल लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला केला, तरी तो किल्ला पडला नाही. माती गोळे गिळते. दगड अडवू पाहतो आणि फुटतो. गोलंदाज तटाच्या खालच्या अंगास एका रेषेत मारा करीत. बुड तुटले की वरचा भाग आपल्याच भाराने कोसळे.

न्यूटनने गतीचे नियम १६८७ साली मांडले. १७४२ साली इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी मारून, ठोकळा किती झुलतो त्यावरून गोळीचा वेग काढला. पुढे चार्ल्स हटनने असे प्रयोग खऱ्या तोफांवर केले. आमच्याकडे तोफा होत्या, ओतकाम होते, अनुभवी गोलंदाज होते. पण मोजणे, लिहून ठेवणे व पुढच्यास शिकवणे यांची शाळा निघाली नाही. हे विज्ञान परक्याच्या लोभाच्या कामी आले, ही गोष्ट कडू आहे. पण त्यामुळे नियम खोटा ठरत नाही.

२०१७ पासून गावच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने हा कोट स्वच्छ केला. आता शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे, इतिहासाचा तास व विज्ञानाचा तास एकत्र घ्यावा, आणि दगडावर हात ठेवून वरील गणित त्यांच्याकडून करवून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.